पडद्यामागून : कोटांच्या खिडकीतून दिसलेले शेरेगी

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी शेरेगी लास्लो या उशिरा नाचाकडे वळलेल्या हंगेरियन नृत्यदिग्दर्शकाचं नाव घेतलं आणि तशीच पुढे सरकले. संपादकांनी तेव्हाच मजकुराच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘हे कोण?’ मी काणाडोळा केला. आता तोच प्रश्न पोस्टाने आलाय. पत्रं बरीच आहेत, त्यातली चार घेते.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. फाउंडेशन करून कमर्शिअल आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सहा महिने नाचाच्या क्लासला जातोय आणि आता म्हणतो, हेच करणार, बॅले शिकणार. त्याच्या बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय. हे वय उशिराचं आहे का? तुम्ही ज्यांचं नाव घेतलंत तेही उशिराच नाचाकडे वळले, असं तुम्ही लिहिलं होतं. — एक आई, इचलकरंजी

ताई, वाईट बातमी आधी सांगते. ‘स्वान लेक’मधला राजपुत्र व्हायचं असेल तर उशीर झालाय. बॅलेत पाय बाहेरच्या बाजूला वळवावा लागतो तो खुब्यातून. गुडघ्यातून नाही, घोट्यातून तर नाहीच. मुलं नऊ-दहाव्या वर्षी हे वळण लावून घेतात, कारण तेव्हा हाडं ऐकतात. एकोणिसाव्या वर्षी खुबा ऐकत नाही. मग पोरं गुडघा पिळून वेळ मारून नेतात आणि पुढे माझ्यासारखी जिना उतरताना कठडा धरतात. (मी भरतनाट्यमवाली, पण गुडघा तो गुडघाच. चौतिसाव्या वर्षी माझा उजवा गेला आणि मी विंगेत आले.)

आता शेरेगी. जन्म १२ डिसेंबर १९२९, बुडापेश्त. शिकायला गेले होते उपयोजित कला, म्हणजे तुमच्या चिरंजिवांच्याच वाटेने. आणि १९४९मध्ये, एकोणीस वर्षांचे असताना, सैन्याच्या कलापथकात नाचायला लागले. ‘होन्वेद’ हे त्या पथकाचं नाव. तिथे बॅले नव्हे, लोकनृत्य मुख्य. बुटांच्या नळ्यांवर थापा मारत नाचायचे पुरुषांचे नाच, काठ्यांचे नाच, ‘व्हेर्बुंक’. या व्हेर्बुंकची गंमत अशी की तो मुळात सैन्यभरतीचा नाच. अठराव्या शतकात भरतीवाले गावात यायचे, वाजंत्री लावायचे, दारू पाजायचे आणि शिपाई असे झोकात नाचायचे की गावातली पोरं भुलून नाव नोंदवायची. आमचे शेरेगी सैन्यात जाऊन सैन्यभरतीचा नाच शिकले. बॅलेचे धडे त्यांनी त्याच काळात घेतले, नादाशी मार्सेल्ला या बाईंकडे. त्यांचे यजमान नादाशी फेरेंत्स म्हणजे त्या काळातल्या हंगेरियन बॅलेचे मोठे गुरू.

बुडापेश्तच्या सरकारी ऑपेरागृहाच्या बॅले संचात शेरेगी आले १९५७ साली. तेव्हा ते २७ वर्षांचे. या वयात बाकीचे नर्तक अर्धी कारकीर्द संपवून बसलेले असतात. काळ कुठला तेही लक्षात घ्या. रशियाहून गुरू येऊन लेनिनग्राड-मॉस्कोचे बॅले जसेच्या तसे बसवून जात होते. १९५३मध्ये कोवाच नोरा आणि राबोव्स्की इश्तवान ही बुडापेश्तची लाडकी नर्तक जोडी बर्लिनच्या दौऱ्यावर गेली आणि भुयारी रेल्वेने सरळ पश्चिमेकडे निघून गेली. १९५६चा हंगेरीतला उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडला आणि सुमारे २ लाख माणसं देश सोडून गेली. त्याच्या दुसऱ्या वर्षी हा गृहस्थ ऑपेराच्या दारात उभा.

त्यांच्या वाट्याला आले ते ‘कॅरेक्टर’ नाच. मोठ्या बॅलेत मेजवानीचा प्रसंग असतो, त्यात हंगेरियन चार्दाश येतो, पोलिश मझुर्का येतो, बूट घालून चार मिनिटं नाचायचं आणि मग कडेला उभं राहायचं. ताई, या कडेला उभं राहण्याला कमी समजू नका. मी विंगेत पंचवीस वर्षं काढली. प्रेक्षकाला नाच समोरून दिसतो. विंगेतून दिसतात पाठी. कोणाची पाठ आधीच्या उडीनंतर अजून हलतेय, कोणाचा श्वास पुरला नाही, कोण दुसऱ्याच्या जागेत अर्धं पाऊल घुसलंय. नाच बसवायचा तर हे कळावं लागतं, आणि राजपुत्राला ते बघायला सवड नसते.

मग ते ऑपेरांमधले छोटे नाच बसवायला लागले, आणि १९६८च्या मे महिन्यात, वयाच्या ३८व्या वर्षी, त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा बॅले आला, ‘स्पार्टाकस’, रोममधल्या गुलामांच्या बंडाच्या नायकावरचा. संगीत खाचातुर्यानचं. हे संगीत तोवर रशियात निदान तीनदा उभं राहिलं होतं. १९५६ला लेनिनग्राडमध्ये याकोबसननी नर्तकांच्या पायात सँडल घालून ते केलं. १९५८ला मॉस्कोत मोइसेयेव्हनी केलं. आणि १९६८च्या एप्रिलमध्ये बोल्शोयमध्ये ग्रिगोरोविचनी केलं, जे आज जगभर ‘स्पार्टाकस’ म्हणून ओळखलं जातं. त्यानंतर दुसऱ्याच महिन्यात, ज्याच्या नावावर एकही मोठं काम नाही असा माणूस बुडापेश्तमध्ये तेच करतो! छातीच पाहिजे.

त्यांनी गोष्ट शेवटापासून उघडली. पडदा वर जातो तेव्हा स्पार्टाकस क्रुसावर आहे. बंड मोडलंय, गुलामांना आप्पियन रस्त्याच्या कडेने खिळलंय. इतिहासात ही संख्या ६,००० सांगतात. मरणाऱ्या माणसाला आठवतं तसं मग सगळं मागचं दिसत जातं. मुख्य भूमिकेत फ्युल्योप व्हिक्टर होते, पत्नी फ्लाविया कुन झुझा. बंडाचं काय होणार हे प्रेक्षकाला पहिल्या क्षणापासून माहीत, त्यामुळे मधला प्रत्येक विजय बघताना पोटात कालवतं.

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं बुडापेश्तमध्ये होतो. घरमालकीणबाईंना ‘नेनी’ म्हणायचो. तिकडे मावशी-काकू सगळ्यांना हाच शब्द. नेनीने ऑपेराच्या कोट ठेवायच्या खिडकीवर बत्तीस वर्षं काढली होती. तिकडे कोट घालून प्रेक्षागृहात जाता येत नाही. बाहेर द्यायचा, बिल्ला घ्यायचा. तिला मी विचारलं होतं, की १९६८ साली, रणगाडे येऊन गेल्याला जेमतेम बारा वर्षं झाली असताना, चिरडलेल्या बंडाचा बॅले सरकारने चालू कसा दिला? नेनी म्हणाली, ‘कागदावर ते रोम होतं ना.’ आणि बटाटे सोलायला लागली.

तर ताई, मुलाला कमर्शिअल आर्ट पुरं करू द्या. नाच सोडायला लावू नका. नर्तक म्हणून तो मधोमध उभा राहणार नाही हे त्याला तुम्ही नाही, त्याच्या गुरूने सांगावं. आणि त्याच्या बाबांना म्हणावं, बोला. अबोल्याने मुलं नाचायची थांबल्याचं मी पाहिलेलं नाही.

प्रश्न : नाव ‘सेरेगी’ की ‘शेरेगी’? इंग्रजीत मी ‘एस’ने सुरू होणारं वाचलं. आणि ते ‘डायरेक्टर’ होते म्हणजे सिनेमाचे का? — एक विद्यार्थी, लातूर

शेरेगी. हंगेरियनमध्ये नुसता ‘एस’ आला की ‘श’, आणि ‘एस’पुढे ‘झेड’ आला की ‘स’. म्हणून शहर बुडापेश्त, पण नाव लास्लो. मी पहिले सहा महिने उलटं बोलत होते आणि भाजीवाली बाई दर वेळी ओठांचा चंबू करून ‘श्श’ करून दाखवायची. मला वाटायचं ती मला गप्प करतेय. आडनाव आधी, नाव नंतर, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. त्यांचे थोर संगीतकार बेला बार्तोक, त्यांनाही ते लोक ‘बार्तोक बेला’च म्हणतात.

सिनेमाचे नाहीत. ऑपेराच्या बॅले विभागाचे संचालक.

प्रश्न : मी नर्तक होतो, मग नृत्यदिग्दर्शन करू लागलो. दोन वर्षांपूर्वी आमच्या संस्थेने मला संचालक केलं. सगळे अभिनंदन करतात, पण दोन वर्षांत मी एकही नवी रचना केलेली नाही. नर्तक, नृत्यदिग्दर्शक, संचालक ही बढतीचीच शिडी ना? मग असं का वाटतं? — डोंबिवली

शिडी नाही हो. तीन वेगळ्या खोल्या आहेत, आणि तिसरीत खिडकी नाही.

शेरेगींचं उदाहरण घ्या. ‘स्पार्टाकस’ १९६८. १९७०मध्ये बार्तोकची दोन कामं, ‘लाकडी राजपुत्र’ आणि ‘अद्भुत मँडारिन’. १९७२ला ‘सिल्विया’. १९७५ला ‘सेडार’, देवदार वृक्षाचा बॅले, त्याकडे शेवटच्या उत्तरात येते. सात वर्षांत तीन मोठे बॅले आणि वर बार्तोक. १९७७ला ते संचालक झाले आणि १९८४पर्यंत राहिले. या सात वर्षांत पूर्ण लांबीचा एकही नवा बॅले नाही. छोटी कामं आहेत. १९७८मध्ये दोहनानी या संगीतकाराच्या बालगीतावरल्या सुरावटींवर एक आहे. १९८०ला कोशूत पुरस्कार मिळाला, तो त्या देशातला कलेसाठीचा सर्वोच्च. पण मोठं काम नाही. खुर्ची सोडली आणि पुढच्याच वर्षी, १९८५ला, ‘रोमिओ अँड ज्युलिएट’. १९८९ला ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’. १९९४ला ‘टेमिंग ऑफ द श्रू’. असे शेक्सपिअरचे तीन.

खुर्चीतल्या माणसाचा दिवस कशात जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. कोणाला कुठली भूमिका, कोणाची कधी काढून घ्यायची, पाहुणा गुरू कोण बोलवायचा, दौऱ्याला कोण जाणार. त्यात तो समाजवादी काळ. दौऱ्याला गेलेला परत येईल का, हाही हिशेब त्यात आला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काल ज्यांच्याबरोबर घाम गाळला त्यांना आज दार बंद करून ‘आता पुरे’ सांगणं.

माझ्यावरही एकदा ही वेळ आली. संस्थेचं नाव घेत नाही. मला कार्यवाह केलं, हार घातला, कपाटाच्या किल्ल्या दिल्या. तेव्हा माझं एक नृत्यनाट्य अर्धं बसलं होतं, पहिला अंक पूर्ण. त्यानंतर चार वर्षं मी हॉलचं भाडं, विजेचं बिल आणि दोन तबलजींमधलं भांडण सांभाळलं. दुसरा अंक अजून बसायचाच आहे. त्यात काम करणारी मुलगी आता आजी झालीय.

एक मात्र सांगते. खुर्चीत असतानाच १९८३ला शेरेगींनी ऑपेराबाहेर जाऊन मादाच नाट्यगृहासाठी ‘कॅट्स’चे नाच बसवले. लंडनचं ते संगीतनाटक नुकतंच आलेलं, आणि पोलादी पडद्याआड बुडापेश्तमध्ये मांजरी नाचायला लागल्या. त्या नाटकाचे प्रयोग पुढे किती दशकं चालले! ऑपेराच्या गंभीर मंडळींनी नाकं मुरडली असतील, असा माझा आपला अंदाज. पण मला त्या मांजरी फार शहाण्या वाटतात. आपल्या इमारतीत आपण साहेब, दुसऱ्याच्या इमारतीत नुसते नाच बसवणारे. तुम्हीही डोंबिवलीबाहेर कोणाचं तरी छोटं काम घ्या, आणि त्या दिवसांत फोन कपाटात ठेवा. किल्ल्या आहेतच तुमच्याकडे.

‘टेमिंग ऑफ द श्रू’ मी पाहिला. आंद्राशी रस्त्याखालून १८९६पासून धावणारी ती छोटी पिवळी भुयारी गाडी ऑपेराच्या दारात सोडते. इमारत १८८४ची, इब्ल मिक्लोशनी बांधलेली. आमचं तिकीट स्वस्तातलं, तिसऱ्या मजल्यावर कडेचं, मान वाकडी करून बघायचं. संगीत गोल्डमार्कचं, वेगवेगळ्या ठिकाणचं घेऊन हिदाश फ्रिग्येश यांनी जुळवलेलं. बॅलेला लोक मोठ्याने हसतात हे मी तोवर पाहिलं नव्हतं. भारी पोशाखातली बाई माझ्या शेजारी रुमाल तोंडाशी धरून गदगदत होती. बॅलेतलं जोडीचं नृत्य म्हणजे एरवी पुरुषाने आधार द्यायचा आणि बाईने तरंगायचं. इथे तोच आधार भांडणाचं हत्यार झालेला: धरायचं, निसटायचं, पुन्हा धरायचं. तालमीत किती ढोपरं फुटली असतील, हेच माझ्या मनात. हे ६४ वर्षांच्या माणसाने बसवलंय, हे बाहेर आल्यावर कार्यक्रमपत्रिकेत वाचलं.

शेवटी टाळ्या. आधी पाऊस पडल्यासारख्या विस्कळीत, मग हळूहळू सगळं सभागृह एका तालात. ठाक, ठाक, ठाक. ते म्हणतात ‘वाशतॉप्श’, लोखंडी टाळ्या. ताल वाढत जातो, फुटतो, पुन्हा जुळतो. त्या रात्री नवरा म्हणाला, ‘हे तर भजनातल्यासारखं झालं.’

प्रश्न : संगीतकार स्वरलिपी ठेवून जातो, चित्रकार कॅनव्हास. नाच बसवणारा काय ठेवतो? हे शेरेगी आता हयात आहेत का? नसल्यास त्यांचे नाच कुठे आहेत? — सेवानिवृत्त शिक्षक, सातारा

गुरुजी, ते ११ मे २०१२ला गेले. त्यांच्या पश्चात नाच कुठे, याचं उत्तर लांबून द्यावं लागेल.

नाच लिहून ठेवता येतो. तो लिहिण्याची सगळ्यात गाजलेली पद्धत १९२८मध्ये मांडणारे रुडॉल्फ लाबान जन्माने तिकडचेच. १८७९ साली पोझोनला जन्मले, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हात. तेव्हा ते हंगेरीत होतं. उभ्या रेघांवर चौकोन-त्रिकोण काढून कुठला पाय, कुठल्या दिशेने, किती वेळ, सगळं उतरवता येतं. व्हिडिओही असतो. पण बॅले खरा चालतो तो अंगावरून अंगावर. ज्याने नाचला तो पुढच्याला दाखवतो. व्हिडिओत पाय कुठे पडला ते दिसतं. तो तिथे पडण्याआधी मनात काय होतं, ते नाचलेल्यालाच माहीत. आपल्याकडे गुरुमुखातून म्हणतात, तेच.

आणि हे पुसलंही जातं. ‘अद्भुत मँडारिन’ घ्या. बार्तोकचं हे काम १९२६ला जर्मनीत कोलोनला झालं. एका खोलीत तीन गुंड एका मुलीला खिडकीत उभी करून गिऱ्हाइकं वर बोलावतात आणि लुटतात, अशी गोष्ट. एकाच प्रयोगानंतर महापौर आडेनाउअर यांनी बंद पाडलं. पुढे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झाले तेच. बुडापेश्तमध्ये ते उभं राहायला १९४५चा डिसेंबर उजाडला, तोवर न्यूयॉर्कमध्ये बार्तोक वारल्याला दोन महिने उलटले होते. बुडापेश्तमध्ये ते बसवलं हरंगोझो द्युला यांनी, हंगेरियन बॅलेचे पितामह. आणि १९७०मध्ये शेरेगींनी त्याच संगीतावर नवं बसवलं. म्हणजे ज्यांच्या नाचाचं पुढे काय, असं तुम्ही विचारताय, त्यांनी स्वतःच आधीच्या मोठ्या माणसाच्या नाचावर आपला नाच चढवला होता. संगीत तेच, पावलं नवी. भिंतीला रंग देतो तसं.

आता तो देवदार. चोंत्वारी नावाचा चित्रकार होता, १८५३चा जन्म. पेशाने औषधविक्रेता. सत्ताविशीत एके दिवशी त्याला आवाज ऐकू आला की तू राफाएलहून मोठा चित्रकार होणार. त्याने वेड्यासारखं दुकान सोडलं नाही. आधी पैसे साठवले आणि चाळिशीत चित्रकला शिकायला गेला. (इचलकरंजीच्या ताई, हेही वाचा.) १९०७मध्ये त्याने लेबनॉनमधला एकटा देवदार काढला. १९१९ला तो गेला तेव्हा त्याची चित्रं कोणाला नको होती. कॅनव्हास मात्र उत्तम, जाड आणि प्रचंड मोठा. नातेवाईक ते गाडीवाल्यांना ताडपत्री म्हणून विकायला निघाले होते. खोली भाड्याने घ्यायला आलेल्या एका तरुण वास्तुविशारदाने, गेर्लोत्सी गेदेओनने, ती गुंडाळी पाहिली आणि ताडपत्रीच्या भावाहून जास्त बोली लावून सगळी घेतली. शेरेगींचा १९७५चा बॅले या माणसावर आहे, संगीत हिदाश यांचंच. उपयोजित कला सोडून नाचाकडे आलेल्या माणसाला हा उशिरा जागा झालेला चित्रकार दिसावा, यात मला तरी नवल वाटत नाही.

पण गुरुजी, चित्राची ताडपत्री तरी होते. गाडीवर अंथरलेली ती कोणीतरी उलटून बघेल. नाचाचं तेवढंही उरत नाही. उरतात ती माणसं, आणि ती नेहमी नाचणारीच असतात असं नाही.

एका हिवाळ्याच्या रात्री वीज गेली होती. स्वयंपाकघरात मेणबत्ती, टेबलावर मेणकापड, मी आणि नेनी. माझं हंगेरियन बाजारापुरतं, तिचं इंग्रजी शून्य. मी ‘स्पार्टाकस’ म्हटलं. तिने मिठाची बरणी बाजूला सारली, उजव्या हाताची दोन बोटं टेबलावर उभी केली आणि नाच सुरू केला. उजवा हात स्पार्टाकस, डावा फ्लाविया. तोंडाने संगीत. डावी बोटं उजव्या मनगटावर चढली, कलली, थबकली. तिथे तिने श्वास रोखून धरला, मग सोडला. बोटांना सांधेदुखी होती, पण ताल चुकला नाही. खिडकीवर कोट नसतील तेव्हा ती प्रेक्षागृहाच्या दाराशी जायची. दारावरची मैत्रीण फट ठेवायची. बत्तीस वर्षं त्या फटीतून तिने सगळं बघितलं होतं. असं दहा-बारा मिनिटं चाललं असेल. लढाई आली तेव्हा तिने दहाही बोटं वापरली आणि मेणबत्ती विझता विझता राहिली.

मग एकदम थांबली. मी म्हटलं, पुढे?

‘पुढचं माहीत नाही,’ नेनी म्हणाली. ‘इथे लोक कोट न्यायला यायचे.’

आणि सुरुवात?

‘तेव्हा उशिरा येणाऱ्यांचे कोट.’